एका पानाचे वीस रुपये

साखर पेठेत मल्लिनाथचं टायपिंगचं दुकान.
एका पानाचे वीस रुपये.
दुसरं पान झालं तर वाचणारा कंटाळतो, मावशी, म्हणाला.
मी म्हटलं, एक तरी भरतंय का बघ.

नाव: श्यामला नागनाथ येमूल.
एवढं झटक्यात झालं.
मग तो थांबला. "अनुभव सांगा."
सांगितलं, सतरा वर्षं टॉवेलात खोट काढली.
हसला. "असं नसतं लिहायचं ओ."

मग कसं असतं?
अक्कलकोट रोडला, शेडच्या मागल्या खोलीत
काचेच्या टेबलाखाली ट्यूबलाइट,
वरून टॉवेल सरकत जायचा.
तुटलेला धागा, फणीची रेघ, तेलाचा डाग,
एका अंगाला चढलेली किनार.
दिवसाला अकराशे नग.
बोट ठेवायचं, खडूची खूण, पुढचा.
बोटाला आधी कळायचं, डोळ्याला मागून.
अहेराची साडीसुद्धा मी तशीच बघते,
लोकांना वाटतं, नाक मुरडते.

मल्लिनाथनं टाइप केलं:
'गुणवत्ता तपासणी, सतरा वर्षे.'
पडद्यावरची ती बाई कुणी दुसरीच वाटली,
इस्त्रीची साडी नेसलेली.

शिक्षण दहावी. सातवीपर्यंत तेलुगूत, पुढं मराठीत,
म्हणून हिशोब मी अजून तेलुगूत करते
आणि भांडण मराठीत.
भाषांच्या रकान्यात त्यानं चार लिहिल्या.
कानडी काढ म्हटलं, ती फक्त मंडईपुरती.
"असू द्या की ओ, तिथं कोण भाव करायला लावतंय."

आता मधली तीन वर्षं.
कारखान्याला कुलूप लागलं, त्यानंतरची.
त्यात सासूबाईंचं अंथरूण आहे,
रात्री पानं भिजवून, पहाटे कातरून
बांधलेल्या हजार-हजार विड्या आहेत,
आणि हजारात छाट कधी दहाच्या वर नाही.
मल्लिनाथ म्हणाला, ही जागा मोकळी सोडू.
मोकळी?
टॉवेलात एवढी जागा मोकळी सुटली असती
तर मी खडू मारला असता.
लिही: घरून काम, नगावर मजुरी.

अर्ज चिंचोळीच्या औषध कंपनीत आहे.
काचेच्या कुप्या उजेडासमोर धरायच्या,
आत केस, कण, तडा दिसला की बाजूला.
गल्लीतली लावण्या तिथं खोकी भरते, तिनं सांगितलं.
म्हणजे उजेड तोच.
फक्त नाकात कापूस जायचा नाही.
टोपी, मास्क, डोळे तेवढे उघडे ठेवतात म्हणे.
हे वर घे, म्हटलं, माझ्या नावाच्या खाली लगेच:
'उजेडासमोर आठ तास उभी राहू शकते.
डाव्या डोळ्याला चष्मा नाही. उजव्यालाही नाही.'
वय त्रेचाळीस, ते खाली टाक, बारीक अक्षरात.

'छंद'पाशी दोघंही गप्प.
"वाचन लिहू का? सगळे तेच लिहितात."
आणि काय वाचता विचारलं, तर रेशनकार्ड म्हणू?
शेवटी रकानाच काढला.

ओळख देणारी व्यक्ती.
मालकांचा नंबर लागत नाही.
व्यंकटेशम जॉबरांचा लागला, ते आता रिक्षा चालवतात.
मागून हॉर्न ऐकू येत होते.
"घाल की माझं नाव.
तुझ्यापायी एकदा अख्खा बीम उतरवला होता मी,
मायंदाळ शिव्या घातल्या होत्या तुला. ते पण सांगू का?"
म्हटलं, तेच सांगा.

पान निघालं, गरम.
सवयीनं मी ते त्याच्या ट्यूबलाइटसमोर धरलं.
बोट आपोआप एका जागी थांबलं.
'तपसणी.'
मल्लिनाथनं वाकून पाहिलं, जीभ चावली,
काना दिला, दुसरं काढलं.
वीसच घेतले.

पहिलं फाडायला निघाला होता.
राहू दे, म्हटलं,
आणि घडी घालून पर्समध्ये ठेवलं,
चांगल्या पानाच्या मागं.
विचारलंच त्यांनी, काय येतं म्हणून,
तर असावं जवळ.